पाटीच्या मागे

चारकोपला सेक्टर पाचात माझं पोळी-भाजी केंद्र.
रोज दोनशे पोळ्या, शनिवारी थालीपीठ जादा.
आणि माझ्याच पोळीचा तुकडा
एका दुपारी छातीच्या मधोमध अडून बसला,
पागडीच्या खोलीतला भाडेकरू जसा.
पाणी प्यायले. पाणीही परत आलं.

तशी मी हळू जेवणारी म्हणून सासरी प्रसिद्ध.
सासूबाई म्हणायच्या, हिचं जेवण म्हणजे कोर्टाची तारीख.
कुणालाच कळलं नाही, मलाही नाही,
की मी हळू जेवत नव्हते,
वाट काढत होते.
घासाला घोट, घासाला घोट,
लग्नात पुरी टाळून वरणभात,
वीस वर्षं.

दुर्बीण घातल्यावर मर्चंट डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवला:
अन्ननलिकेत कडी, एकीखाली एक.
म्हटलं, मनगटभर चुडा भरलाय की आत.
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, कुठल्यातरी खाण्यानं सूज येतेय,
कुठल्या, ते रक्त तपासून कळत नाही.
सगळं थांबवायचं, मग एकेकाला परत बोलवायचं.

केंद्राच्या पाटीवर पुढे दर असतात.
मागे खडूनं लिहिलं:
दूध गहू अंडं सोयाबीन दाणे-काजू मासे
आणि पाटी पुन्हा भिंतीकडे वळवून ठेवली.
गिऱ्हाइकाला कशाला.

कोपरापर्यंत कणकेत हात
आणि जेवायला नाचणीची भाकरी.
भाजीत दाण्याचं कूट, म्हणून चव वैजयंता बघते,
मी तिच्या भुवया बघते.
हिंगाच्या डबीवर चष्मा लावून वाचलं
तर तिथेही गव्हाचं पीठ!
इतकी वर्षं चिमूट चिमूट.
नणंद म्हणाली, एका चमच्यानं काय होतंय.
नवरा काही म्हणाला नाही.
रात्री गाडीवर भुर्जी खाऊन यायचा,
तोंडात मूठभर बडीशेप,
बाहेरून कुठून प्रेम करून आल्यासारखा
चोरून चपला काढायचा.

सहाव्या आठवड्यात, मंगळवार असेल,
ओट्याशी उभ्यानं मूगडाळ-भात खाल्ला,
ताट विसळायला घेतलं
आणि बघते तर पेला भरलेलाच.
तसाच काठोकाठ.
मी तो बराच वेळ उचलला नाही.

पुन्हा दुर्बीण. कडी फिकट झालेली.
मग परत बोलावणं सुरू.
आधी मासे. भाऊ मनोरीहून तरीनं आला,
पिशवीत ओले बोंबील, वर बर्फ, वर वर्तमानपत्र.
समोर बसून माझा गळा बघत राहिला
जसं काही बाहेरून दिसणार आहे.
उतरले. दोन महिने उतरत राहिले.
अंडंही निर्दोष. भुर्जी घरी आली.
दुधाच्या चौथ्या आठवड्यात पेला रिकामा होऊ लागला,
एकदा, मग दोनदा.
मी कुणाला सांगितलं नाही.
पहाटे साडेचारचा चहा, तेवढाच माझा असतो,
गॅस पेटवायच्या आधीचा, कुणी हाक मारायच्या आधीचा.
तोच निघाला.
डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवायच्या आधीच
मी मान हलवली.

आता कोरा पिते, आलं ठेचून. बरा लागत नाही.

दाणे झाले, सोयाबीनही झालं.
गहू मी मुद्दाम शेवटी ठेवला होता.
विचारायचीच भीती.
हो म्हणाला तर रोज दोनशे वेळा
त्याच्या तोंडाकडे बघत लाटायचं.

आज पहिली पोळी तव्यावर टम्म फुगली.
काढून झाकून ठेवली.
वैजयंता डबे भरताना म्हणाली, ताई, एक कमी पडतेय,
खांडेपारकरांची.
म्हटलं, त्यांना सांग, एक कमी आहे आज.
एक माझी.
पेला भरून शेजारी ठेवलाय.