वाचो गवत खातो

चिलोएच्या धाकट्या बेटांवर
पंधरवड्यातून एकदा लाँच जाते.
मी उतरते: गमबूट, थर्मास,
जंताच्या गोळ्यांचा डबा.

एर्मेलिंदाबाई फाटकातच गाठतात.
"डॉक्टर, तो परत चरतोय. गाईसारखा."

वाचो. त्यांच्या बोलीत, बेवारशी.
कुंपणाशी मान तिरकी करून
दाढांनी कापतोय करवती काठांची पाती.
शेजारचं लुसलुशीत सोडून
नेमकं तेच, चरचरीत.

पुस्तकात आहे तेवढं मी सांगते.
लांडगेही खातात. पात्यांत गुंडाळून
जंत बाहेर पडत असावेत कधीकाळी,
जंत गेले, सवय राहिली असावी.
काहींचं पोट ढवळत असावं,
बहुतेकांचं तर तेही नाही.
काहींना नुसतंच आवडत असावं.

"शेजारचा बाउदिलिओ म्हणतो,
कुत्र्यानं गवत खाल्लं की पाऊस."
इथे पाऊस रोजचाच.
बाउदिलिओची चुकायची सोयच नाही.

"म्हणजे तुम्हालाही ठाऊक नाही."
"नाही."
"मग बसा. माते घ्या."

आत, खिडकीत, दूधपावडरीच्या डब्यात
ओट रुजलेत. मांजर त्यांचे शेंडे खुडतंय
इतकं हलक्या दातानं,
जशी कुणी शिवण उसवावी.

ओनोफ्रेची होडी मार्चमध्ये
एकटीच किनाऱ्याला लागली.
तेव्हापासून बाई वेळेवर जेवतात,
वेळेवर झोपतात.
किती सावरल्या, म्हणतात सगळे.

तेवढ्यात पायरीवर तो आवाज.
वाचोची पाठ कमानीसारखी, बरगड्यांचा भाता,
आणि फेसात एक हिरवी गुंडाळी.
मी काडीनं उकलून पाहिली. कामच ते माझं.
जंत नव्हता.
पात्यांच्या पिळात अडकलेली
वीतभर लोकर. तांबडी.

बाईंनी उचलली, नळाखाली धरली,
बोटाला गुंडाळून उजेडात नेली.
"डावा मोजा. टाच मी दोनदा विणली होती."
मग कुत्र्याकडे वळल्या:
"मेल्या, कुठे दडवलायस?"

वाचोनं कान पाडले.
पुन्हा कुंपणाशी गेला,
उरलेलं गवत होतं तिथे.

भोंगा झाला. मी वहीत लिहिलं:
नर, वय अंदाजे सात. गवत खातो.
उपचार, काही नाही.

लाँच वळली तेव्हा
घराच्या खांबांखाली, चिखलात,
बाई गुडघ्यांवर होत्या,
खांद्यापर्यंत हात आत घातलेला.
कुत्रा जरा लांब उभा,
तोंडातून एक पातं लोंबत.
माते तशीच राहिली होती मेजावर.
पाऊस आलाच.