गोठवलेलं खातं

ग्रिम्सबीत माणूस गेलं की पहिला फोन पाद्र्याला,
दुसरा नेव्ह पॅशबीला.
पाद्री आत्म्याचं बघतो, नेव्ह बाकीच्याचं:
पलंग, पडदे, कवळीची वाटी,
सोळा छत्र्या, त्यांतली एक धड नाही.
नेव्ह पुढे, स्टॅन ऑटली मागे,
आणि मी एकोणीस वर्षांचा,
म्हणून जिन्यावर कपाटाचं खालचं टोक माझं.

मिस ईनिड थर्ल्बी. एक्केचाळीस वर्षं
गोदीवरच्या कारखान्यात मासे पिशव्यांत भरले,
मग एका मंगळवारी खुर्चीतच गेली,
टीव्ही चालू ठेवून.
पुतण्या लीड्सला. फोनवर म्हणाला,
"सगळं काढा, मला काही नको."
हे वाक्य नेव्हने पुढे वकिलासमोर तीनदा म्हणून दाखवलं.

मागच्या पडवीत फ्रीझर, शवपेटीएवढा.
आत कॉडच्या पिशव्या, ओळीने, प्रत्येकीवर तारीख.
"म्हातारीने अख्खी बोट साठवलीय," स्टॅन म्हणाला,
तेवढ्यात एक त्याच्या हातून निसटली,
फरशीवर फुटली,
आणि माशाच्या दोन तुकड्यांमधून
राणीने वर पाहिलं.
वीस पौंडांची राणी. तिच्याखाली तीच.
तिच्याखालीही तीच.

इतके गप्प आम्ही कुणाच्या दफनालाही नव्हतो.
"मोजायचं नाही," नेव्ह कुजबुजला,
"मोजलं की चोरी होते."
मोजलं नाही. नुसतं उचललं.
चौतीस पिशव्या.
पिशव्या मोजल्या, पैसे नाही.

आता ठेवायचं कुठे?
नेव्हच्या घरी बायको, स्टॅनच्या घरी मांजर,
माझ्या घरी आई, म्हणजे दोन्ही एकात.
शेवटी बॅरी स्क्रिव्हनचं मासे-चिप्सचं दुकान,
त्याचा मागचा फ्रीझर.
"सोमवारपर्यंत एवढा कॉड सांभाळ," नेव्ह म्हणाला.
दुसरं काहीही म्हणाला असता तरी चाललं असतं.

शुक्रवारी रांग पार कोपऱ्यापर्यंत.
सातला बॅरीचा माल संपला,
आणि बॅरी गिऱ्हाईक परत पाठवणाऱ्यातला नाही.
पिठात बुडवलं, तेलात सोडलं.
जुन्या नोटा कागदाच्या, त्या पापडासारख्या फुलल्या.
नव्या प्लास्टिकच्या: भिजत नाहीत, फाटत नाहीत,
सरकारने सगळा विचार केलाय,
फक्त उकळत्या तेलाचा सोडून.
राणी आकसली, वळली, करंजीएवढी झाली.
मिसेस डॉबनी म्हणाल्या, आज कातडं जरा चिवट आहे,
आणि व्हिनेगर ओतून पुढे चावत राहिल्या.

आम्हाला कळलं तेव्हा धावलो.
दारातच सार्जंट हॉलिस, मांडीएवढ्या मनगटांचा,
कागद उघडून, अर्धा मासा हातात.
आधी माशाकडे बघितलं, मग नेव्हकडे.
"बॅरी म्हणतो हा तुझा माल. कुठून आणलास?"

चोराच्या मनात चांदणं,
नेव्हच्या मनात तर कोजागिरी.
"ईनिडच्या पडवीतून," तो म्हणाला, "चौतीस पिशव्या,
आईशप्पथ, मोजले नाहीत,
कल्पना स्टॅनची, ओझं या पोराचं!"

सार्जंटने घास गिळला.
त्याच्या हातात साधा कॉड होता.
पांढराशुभ्र, काटासुद्धा नाही.
चौतिसांत एकच पिशवी प्रामाणिक,
ती नेमकी त्याच्या वाट्याला आली.
त्याला फक्त म्हणायचं होतं, झकास आहे.

पुतण्या आला. आता त्याला सगळं हवं होतं,
छत्र्यासुद्धा.
उरलेल्या अकरा पिशव्या ठाण्यात,
चहाच्या पातेल्यात वितळवल्या.
अख्ख्या ठाण्याला आठवडाभर वास.
सगळ्यात जुन्या पिशवीत, नोटांच्या वर,
कारखान्याची एक पावती,
मागे निळ्या शाईत, शाळकरी अक्षरात:

मासा मला कधीच आवडला नाही.

सार्जंटने दोनदा वाचली.
टोपी काढली, पुन्हा घातली,
आणि मला विचारलं,
बॅरी अजून उघडा असेल का रे.