एफी रॅट्रेचं स्थानक

डंडी शहर. टे नदीवरचा पूल अर्धाच दिसतोय,
उरलेला समुद्रावरच्या धुक्याने परस्पर नेला.
तिसऱ्या मजल्यावर, रात्री पावणेदोनला,
एफी रॅट्रे, वय त्रेसष्ट,
अवकाशातले संडास मोजते आहे.

एकूण चार. प्रवासी दोनशे अकरा.
पैकी छत्तीस जणांना पायच नाहीत,
आणि एक जमात अशी, की तिचं
कुठून काय होतं
हे खेळ बनवणाऱ्यांनीही गुलदस्त्यात ठेवलंय.
पण तक्रार सगळ्यांना येते.
तक्रारीला वेगळा अवयव लागत नाही.

नातू रूअरी नाताळात खेळ घालून देऊन गेला.
"आजी, तुला जमेल. जन्मभर हेच तर केलंस!"
हेच, म्हणजे लॉखीतला नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव.
सत्तावीस वर्षं व्यवस्थापक.
क्लोरीनचा वास, एकेकटे मोजे,
आणि पाणी गार आहे म्हणणारे व पाणी गरम आहे म्हणणारे
एकाच पाण्यात.

इथेही तेच.
हिरव्यांना हवा कोरडी लागते, जांभळ्यांना दमट,
आणि ग्लुब्नॉर नावाचा कुणी रोज लिहितो:
"शेजारच्या खोलीतले गृहस्थ काल रात्री फुटले.
आवाज फार झाला. भाड्यात सूट मिळेल का?"

उपाहारगृहातलं सूप जिवंत आहे.
सुपाने संघटना काढली आहे.
तीन रात्री बोलणी चालली, शेवटी ठरलं:
मंगळवारी उकळायचं नाही.

आणि बादली-नऊ, सफाईचा रोबो.
स्वतःच गळतो, स्वतःच पुसतो,
पुसल्याचा जादा भत्ता मागतो.
मग पुसलेल्या जागेवरून घसरून
जखमी म्हणून रजेवर जातो.

कोपऱ्यात टाय लावलेला एक ऑक्टोपस उगवतो. सल्लागार.
आठही हात चोळत म्हणतो,
"संचालक! तिजोरीत खडखडाट!
बादली-नऊला काढून टाका!"
आणि लाल बटण पुढे करतो,
ते उडतं, लुकलुकतं,
एखाद्या वाढदिवसाला शोभेल असं.

एफीचं बोट माऊसवर राहतं.

तलाव बंद झाला तेव्हा अकरा पाकिटं होती.
पाकिटं नगरपालिकेची, हात हिचा.
मेझी टॉश, अठरा वर्षं फरशी पुसलेली,
पाकीट न उघडताच म्हणाली,
"मग पाणी उद्या सोडायचं, की परवा?"
अकरावं पाकीट हिचंच होतं.
तेही हिनेच हिला दिलं,
आणि सवयीने स्वतःलाच थँक्यू म्हणाली.

चहा गार झाला.
एफी चष्मा पुसते, जमाखर्च पुन्हा उघडते.
विकण्यासारखं काय उरलंय?
संचालकांची केबिन:
गालिचा, मत्स्यालय, पृथ्वी दिसणारी खिडकी,
आणि खाजगी प्राणवायू.
विकली. सगळीच. प्राणवायूसकट.

पडद्यावरची बोटभर संचालक
थोडा वेळ गाल फुगवून उभी राहते,
मग निळी होते,
मग अदबीने आडवी.

ऑक्टोपसला काय बोलावं सुचत नाही.
त्याच्यासाठी कुणी तसं वाक्यच लिहिलेलं नाही.
चौकट येते: "संचालक वारल्या. खेळ चालू ठेवायचा?"
हो.

स्थानक फिरत राहतं.
पगार झाले. पाचवा संडास झाला.
समाधान त्रेचाळीस टक्क्यांवरून चव्वेचाळीसवर.
बादली-नऊ येतो, संचालकांच्या भोवतीने
नीट, कडेकडेने पुसतो,
आणि पहिल्यांदाच भत्ता मागत नाही.
(हा बिघाड असावा.)

तेवढ्यात ग्लुब्नॉरचं पत्र:
"संचालक गेल्याचं कळलं. वाईट वाटलं.
त्यांची खोली रिकामी झाली का?"

एफी हसते. अशी हसते
की खालच्या मजल्यावरचे पेट्रीसाहेब
झाडूच्या दांड्याने छत ठोकतात,
तीनदा.

ती घड्याळ पाहते, जमिनीकडे वाकते,
आणि सत्तावीस वर्षांच्या आवाजात सांगते,
"नोंद घेतली आहे."