एक रकाना कमी

अकरा वर्षं मी ऐरोलीच्या जेट्टीवरून
खाडी बाटलीत भरून नेली.
निळा रंग उडेपर्यंत थेंब मोजायचे,
आणि लिहायचं: प्राणवायू, लिटरमागे इतका.
बहुतेकदा फार थोडा.

आकडे माझ्याजवळच राहिले,
‘अंतिम’, ‘अंतिम-नवा’, ‘हाच अंतिम’ नावाच्या फायलींत.
कुणी मागितले की म्हणायचे, आधी पेपर होऊ दे.
झाला. मग म्हणायचे, दुसरा होऊ दे.

धर्मीबाई निवट्या निवडता निवडता म्हणाली,
“आमची खारी भरून नेतंस,
परत काय आनतंस?”

महिनाभर फाइल साफ करत बसले.
कुठली बाटली, कुठलं मीटर, कुणाचा हात.
आजारी होते ते दिवस मोकळे सोडले.
शून्य वेगळं, रिकामं वेगळं,
हे आधी स्वतःलाच समजावलं.
खाली लिहिलं: कुणीही वापरा, नाव तेवढं सांगा.
आणि रात्री दोनदा उठून पाहिलं,
कुणी उघडली का.

तीन आठवड्यांनी कोपरखैरण्याच्या एका मुलाचं पत्र.
“मॅडम, चौदा मार्चला प्राणवायू बेचाळीस?
मासे उडत होते का?”
वहीत चार पूर्णांक दोन होतं.
एक टिंब,
आणि त्यावर उभी माझ्या पहिल्या पेपरची सरासरी.
दुरुस्तीच्या दोन ओळी लिहायला
मला आठ दिवस लागले.
निमिष पावशे, सेकंड इयर.
आभारात त्याचं नाव आहे.

मग तक्ता छापून जेट्टीवर नेला, वाचून दाखवला.
धर्मीबाईनं ऐकून घेतलं सगळं.
“भांग का उधान, ते कंय लिवलंस?”

कुठंच नव्हतं.
तारीख होती, वेळ होती, तापमान होतं,
पाणी किती चढलं होतं ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं पिशवी आणली:
सात वर्षांची कॅलेंडरं, मीठ लागून कडक झालेली,
प्रत्येक चौकटीत नवऱ्याच्या अक्षरात
तिथी, वारा, किती टोपल्या म्हावरं.
“दे सगल्यांना. पन नाव लाव.
आनि निवट्या कंय गावतान
ते लिवायचं नाय. ते आमचं.”

आता फाइल उघडा. दोन नावं दिसतील,
माझं, आणि धर्मी हिराजी कोळी.
भांग-उधाणाचा रकाना भरलाय.
त्याच्या शेजारी ‘जागा’.
तो रिकामा आहे.
शून्य समजू नका.