बोटभर मासा

तो मासा मी शिवला.
चार हजार दोनशे टिकल्या, एकेक हाताने,
हापसालूच्या माझ्या स्वयंपाकघरात, अख्खा मार्च,
बाहेर खाडी अजून गोठलेली.
शेपटीत मोडक्या छत्रीच्या काड्या,
कल्ल्यांना जुन्या पडद्याचं अस्तर.
आत शिरणार होता उलार पिहलाकस,
फेरीबोटीच्या धक्क्यावरचा वायरमन,
जो स्वतःच्या लग्नात अकरा शब्द बोलला.
बायकोने मोजले होते.

मासाच का, विचारलं एका परदेशी बाईने.
बाई, दुसरं आहे काय आमच्याकडे?
सगळ्यात उंच डोंगर, त्याचं नावच मोठं अंडं.
राजे होऊन गेले, ते सगळे दुसऱ्यांचे.
उरली काळी भाकरी,
तिच्यावर हा खारवलेला बोटभर जीव,
आणि समोरच्याला काहीही न विचारण्याची
थोर परंपरा.

गाणं बसथांब्याचं.
चार नर्तक, चार रेनकोट, चार-चार पावलांचं अंतर,
कुणी कुणाकडे बघत नाही.
मधोमध घराएवढा पत्र्याचा डबा,
झाकण उघडतं, मासा उठतो नि गातो:
माफ करा, इथे कुणी उभं आहे का?
शेवटी सूर एक पट्टी वर चढतो
आणि चौघे एकमेकांकडे सरकतात.
एकच पाऊल.
त्या पावलावरून तालमीत दोन आठवडे भांडण झालं.
जास्त होतंय, म्हणाला उलार.

निवृत्त प्राध्यापक वाल्दुर रेहेमेत्स यांनी पेपरात लिहिलं,
सातशे वर्षं सोसलं ते यासाठी?
मी सुईत दोरा ओवत होते.
म्हटलं, कोण जाणे, यासाठीच असेल.

स्पर्धेच्या रात्री गाव अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये,
दर दोन माणसांमध्ये एक खुर्ची रिकामी.
पडद्यावर कुणी पेटत्या पियानोतून निघालं,
कुणाच्या खांद्यांतून कारंजी उडाली,
एका देशाने आपलं दुःख एवढ्या उंच टाचांवर चढवलं
की ते घसरून पडलं
आणि पडल्या पडल्या गात राहिलं.
मग आमचा डबा आला.
झाकण अडकलं.

एक सेकंद. दोन. सात.
हॉलमध्ये कुणी श्वास घेईना.
फटीतून आधी पक्कड बाहेर आली,
मग चंदेरी पंख, मग खांद्याचा एक धक्का,
आणि माझ्या टिकल्या गारांसारख्या उधळल्या.
माफ करा, म्हणाला उलार. हे गाण्यात नव्हतं.
तिकडे पंधरा हजार माणसं उभी राहिली,
त्यांना वाटलं, काय बसवलंय!
पुढची गायिका कुठल्याशा देशाची विधवा,
काळी मखमल, मेणबत्ती, डोळ्यांत खरं पाणी,
आणि घोळाला चिकटलेला
आमचा अर्धा मासा.

परीक्षकांनी नाक मुरडलं. तीन. एक. शून्य. शून्य.
मग घराघरांतली मतं यायला लागली,
बेटांवरून, खाणींच्या गावांतून,
नकाशात आम्ही कुठे हे ज्यांना माहीत नाही तिथून.
एका देशाने तर बारा दिले.
त्यांच्याकडेही बसथांबे असतील.

नववे आलो.
टाळ्या नाहीत. कुणी तरी घसा खाकरला,
मागे एक खुर्ची करकरली.
असा जल्लोष मी याआधी
एकदाच पाहिला होता, झेंडा बदलला तेव्हा.

सकाळी उंबऱ्यावर रुबार्बचा केक,
वर फडकं, चिठ्ठी नाही.
दुपारपर्यंत केक पाच झाले.
उलारकडे म्हणे अकरा.

सोमवारी बसथांब्यावर प्राध्यापक रेहेमेत्स.
मी रीतीप्रमाणे चार पावलं सोडून उभी.
ते समोरच्या भिंतीकडे बघत होते,
मी भिंतीच्या जरा डावीकडे.
बराच वेळ गेला.
शेपटी, ते म्हणाले, चांगली होती.
आणि एवढं बोलून बसलो या लाजेने
कानाच्या पाळीपर्यंत लाल होऊन,
बस समोर दिसत असताना
चालत निघून गेले.