दोनच प्रकार

येरंडी फाट्यावर माझी बिअर शॉपी.
एक शटर, एक जुना फ्रीज,
त्याचं दार सायकलच्या ट्यूबनं बांधलेलं.
अकरा वर्षांत इथं
बिअरचे दोनच प्रकार विकले मी :
थंडी,
आणि लाईट गेली तेव्हाची.

लेबल कोणी वाचत नाही.
'स्ट्राँग दे' म्हणतात,
कृषी केंद्रावर युरिया मागावा तसं.
माइल्ड नेणारा एकच, ग्रामसेवक,
तो पेपरात गुंडाळून नेतो.
लाज दारूची की माइल्डची, विचारलं नाही कधी.

मग पुण्याहून होमराज उईके परतला.
तिकडे बिअर गाळणाऱ्या एका हॉटेलात
टाक्या धुवायला होता सहा वर्षं.
धुता धुता शिकला.
मागच्या भिंतीच्या सावलीत बसून
एकेक सांगत गेला मला :
गव्हाची असते, गढूळ, पिकल्या केळीच्या वासाची,
काळी असते, जळक्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी,
एक तर इतकी कडू
की कडुनिंबानं तिला थोरली बहीण म्हणावं.
आणि एक आंबट. मुद्दाम आंबट केलेली.
लोक तिचे साडेचारशे मोजतात.
'आमच्या इथं आंबट निघाली
तं गिऱ्हाईक बाटली फेकून मारते बे,' मी म्हणालो.

त्याची आत्या बिरजाबाई टोपल्यातली मोहफुलं निवडत होती.
मान वर न करता म्हणाली,
'पयली धार देवाची. दुसरी पाहुन्याची.
तिसरी घरच्याईची.
अन् साऱ्यात शेवटची,
ज्याले उधारी मागाची लाज नाही त्याची.
तुहे पुन्यावाले चार पैसे जास्त घेते, येवढाच फरक.'

एप्रिलात दोघांनी डाव मांडला.
जव भिजवले, ओल्या पोत्यावर मोड आणले,
आत्याची फुलं, निळा प्लास्टिकचा ड्रम,
होमराजच्या गळ्यात ताईतासारखा थर्मामीटर.
बाटल्या माझ्या. रिकाम्या शहाण्णव.
पोरीनं आणि मी नखांनी लेबलं खरवडली,
एकावर अर्धी मिशी राहिलीच.

यीस्टला म्हणे वीस डिग्री लागते.
आमच्याकडे सेहेचाळीस.
ड्रमसमोर कूलर, ड्रमवर ओली गोणपाटं,
बाळंतिणीला जपावं तसं जपलं पोरानं.
आठ दिवस थांबायचं होतं, पाचव्याच दिवशी बाटल्या भरल्या.
पुण्याच्या मालकाला व्हिडिओ पाठवायचा होता त्याला.

रात्री दोन वाजता पहिली फुटली.
मग तिच्या शेजारची.
मग मोजणं सुटलं.
कुत्री तळ्यापर्यंत पळाली,
पोलीस पाटील टीकाराम कापगते
बनियानवरच शिट्टी फुंकत निघाला,
चौकीला फोन गेला : गोळीबार.

उजाडता उजाडता बंदुका घेऊन आलेले जवान
घोट्यापर्यंत फेसात उभे.
एकजण वाकला, बोट बुडवलं, चाटलं,
साहेबाकडे पाहिलं,
आणि पुन्हा बुडवलं.

तीन बाटल्या वाचल्या.
एक पंचनाम्यात गेली.
दुसरी बिरजाबाईनं उघडली,
आधी चार थेंब मातीला,
मग एक घोट, तोंडात बराच वेळ धरलेला.
मीही प्यालो. पहाटे मोहाखालून चालताना
चपलेला जे चिकटतं ना, तो वास,
आणि तो जाता जाता मागून
कच्च्या जवाची एक कुरकुर.

होमराज तिच्या तोंडाकडे बघत होता,
दहावीचा निकाल बघावा तसा.
'मोहाचं फूल कोनी तोडते का रे?' ती म्हणाली.
'थे आपल्या आपल्यानं पडते. आपुन खाली थांबाव.
तुवा झाड हालवलं.'
मग उरलेली बाटली
त्याच्या हातात न देता
स्वतःच संपवली.

तिसरी माझ्या फ्रीजमध्ये आहे.
मागच्या कोपऱ्यात, अर्ध्या मिशीची.
होमराजनं पुन्हा जव भिजवलेत, या वेळी दिवाळीनंतर.
गिऱ्हाईक विचारतं, ही कोणती गा?
स्ट्राँग?
माहीत नाही.
माइल्ड?
तसंही नाही म्हणता येत.
थंडी तरी आहे का?

सकाळपासून लाईट नाही.