०-०-१

डॉक्टर हत्तुरेंनी चिठ्ठीवर लिहिलं : ०-०-१.
तीस वर्षं मी जॅकार्डची पुठ्ठी टोचली,
मला ती नक्षीच वाटली.
दोन घरं कोरी, तिसऱ्यात भोक.

"छातीत सध्या काही नाही, यल्लप्पा.
पण रक्तात चरबी आहे, बिडी आहे, वय एकसष्ट,
आणि तुमचा भाऊ."

भाऊ म्हटल्यावर पंख्याचा आवाज मोठा झाला.
नरसय्या मागावरच गेला,
धोटा अर्ध्या वाटेत.

"तुमच्यासारखे शंभर जण धरा. माझा आपला अंदाज,
दहा वर्षांत वीस जणांना झटका येईल.
सगळ्यांनी गोळी घेतली, तर पंधरा."
मी विचारलं, वाचणारे पाच कोण?
ते हसले नाहीत.
"कुणालाच कळत नाही. त्या पाचांनाही."

अशोक चौकातून घरापर्यंत ताणा मोजत आलो.
कुठला धागा तुटणार, ताणा कधी सांगतो का?
तरी खळ आपण सगळ्यांनाच लावतो.
खळीनं धागा जरा ताठरतो,
हेही आलंच.

एकविसाव्या दिवशी पोटऱ्या धरल्या.
आता हे गोळीचं, की चाळीस वर्षं उभं राहिल्याचं,
की मे महिन्यातल्या या फरशीचं?
कोंड्याल म्हणाला, सोड ते लचांड, लसूण खा.
दहा दिवस कुणाला न सांगता सोडली.
दुखणं उतरलं.
पण त्याच दहा दिवसांत कारखानाही बंद होता,
मी पडूनच होतो.
काय धरायचं यातून?

हत्तुरे रागावले नाहीत. रक्त काढलं,
गोळी निम्मी केली, म्हणाले, महिन्यानं या,
लपवू मात्र नका. आणि बिडी?

बिडीचं मी सत्यम्माकडे बघून सांगितलं,
तीच वळते रोज हजार.
ती म्हणाली, हजारात चाळीस-पन्नास छाट निघतात हो,
म्हणून सूप खाली ठेवते का मी?
आणि शेंगाचटणीचा डबा वरच्या फळीवर सारला.

काही झालं नाही, तर ते गोळीनं,
की होणारच नव्हतं?
चादर विणताना नक्षी खालच्या बाजूला असते,
विणणाऱ्याला उलटीच दिसते.

साडेदहा. शेजारचे माग चालू आहेत.
आज घेतली.
सत्यम्मा वाटीत तेल कोमट करून आली :
चटणीवर नाही, पोटरीवर चालतं ना?
पाय इकडं करा.